अमावस्येला फिट येते का?

बीड जिल्ह्यातल्या एक आई मुलाला घेऊन आल्या. वय १७, लातूरला नीटचा क्लास. सोबत भिंतीवरचं कॅलेंडर आणलेलं, फिटच्या चार तारखांना लाल गोल. "ताई, अमावस्या आली की पोराला फेफरं येतं. उपास धरू का?"

अमावस्येजवळ एकच गोल होता. मग प्रत्येक गोलापाशी आदल्या रात्रीची झोप आणि गोळी लिहायला लावली. दोनदा टेस्टच्या आधी जेमतेम तीन तास झोप. एकदा चुलतभावाच्या हळदीचं जागरण. एकदा रात्रीच्या एसटीनं गावी आला आणि गोळ्या खोलीवरच राहिल्या. चारही फिट सकाळी, उठल्यावर तासाभरात.

"सकाळी हातातून काही पडतं का?"

"रोजच! ब्रश पडतो, चहाचा कप उडतो. लईच वेंधळा आहे."

हा वेंधळेपणा नव्हता. शुद्ध असताना सकाळी हाताला बसणारे असे हिसके म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या मिरगीची खूण. जागरण तिला लगेच चेतवतं. हिसक्यांचं डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि चालू होती कार्बामॅझेपिन ही फिटची गोळी, जी या प्रकारात हिसके वाढवू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळी बदलली. तुमच्याकडं असं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका; अचानक थांबवली तर फिटवर फिट येऊ शकते.

मोबाईलमुळं फिट येते का, हेही आईंनी विचारलं. लुकलुकत्या उजेडानं फिट थोड्याच रुग्णांना येते. मोबाईल बहुतेकांचं नुकसान करतो ते झोप खाऊन.

वयानुसार कारणं बदलतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना तापात आकडी येते. रोज दारू पिणाऱ्यानं एकदम सोडली की दोन दिवसांतच फिट येऊ शकते. साठीनंतर पहिल्यांदाच आली तर साखर, सोडियम तपासायचं आणि पक्षाघात तर नाही ना हे बघायचं.

फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

त्याच्या मोबाईलवर आता रात्री नऊचा गजर आहे, अकराला पुस्तक बंद. आणि एसटीच्या बॅगेत गोळ्यांची एक जादा पट्टी कायम असते.