‘काही मागायची नाही ती’

प्रिय ताई,

माझी मुलगी (वय २१) पाच महिन्यांपूर्वी ओ पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीला गेली. स्टुटगार्टजवळच्या एका गावात, दोन लहान मुलं असलेल्या कुटुंबात राहते. माणसं चांगली आहेत. पण आम्ही शाकाहारी, आणि त्यांच्याकडे संध्याकाळी चूलच पेटत नाही. पाव, चीज, सॉसेज, काकडी असं गार जेवण. मग ही रात्री स्वतःपुरता वरणभात लावते. तांदूळ, तूरडाळ, मसाले सगळं शहरातल्या भारतीय दुकानातून स्वतःच्या पैशानं आणते. हातखर्चाचे महिन्याला २८० युरो मिळतात, त्यातले साठ-सत्तर इथेच जातात. त्या बाईंच्या हे लक्षात येऊ नये? निवडीच्या वेळी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं मीही बसले होते. हिच्या खाण्यापिण्याचं काही नाही, काही मागायची नाही ती, असं मी म्हटलं आणि लेकीनं ते त्यांना जर्मनमधून सांगितलं, तेव्हा किती गोड हसल्या होत्या. आता इथून दरमहा पैसे पाठवू, की त्या बाईंना मीच ईमेल लिहू? साजूक तुपाचा डबा तरी पाठवू का?

– एक आई, कोथरूड

अहो आई,

तुमच्या पत्रात साठ-सत्तर युरो आहेत, तूरडाळ आहे, त्या बाईंचं गोड हसूही आहे. मी अडकले ते दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर. तुम्ही जाता जाता सांगून टाकलंत आणि पुढे गेलात.

एकवीस वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर बसली आहे. नवं घर, नवी माणसं, पोटात गोळा. शेजारी बसलेली आई म्हणते, ही काही मागायची नाही. आणि ते वाक्य त्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं, कष्टानं शिकलेल्या जर्मनमध्ये, समोरच्यांना सांगायचं. मी काही मागणार नाही, असा करारच तुम्ही तिच्याकडून तोंडी करून घेतलात की! आता पाच महिन्यांनी ती तांदूळ कसा मागणार? मागितला तर आई खोटी पडते.

तुम्ही ते चांगल्या मनानं बोललात, माहीत आहे मला. आपल्याकडे मुलीची ओळख करून द्यायची तीच पद्धत. लेक कुणाकडे ठेवायची असली की तिची भूक आधी लपवायची. शिवाय आपल्याकडे पहिला ‘नको’ हा नको नसतोच. पोहे घ्या म्हटलं की नको, अहो घ्या म्हटलं की नको नको, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, थोडेच’. समोरच्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो डाव हातात धरूनच उभा असतो. जर्मन माणूस पहिल्या नकोला डाव खाली ठेवतो. त्या बाईंना तुम्ही सांगितलंत की मुलीला काही लागत नाही. रात्री ती वरणभात लावते म्हणजे तिला स्वयंपाकाची हौस असेल, इतकंच त्यांना दिसत असणार.

१९७९ साली मी बार्शीहून पुण्यात शिकायला आले. नारायण पेठेत वडिलांच्या चुलतभावाकडे उतरले, तेव्हा आईनं काकूंना दारातच सांगितलं, ‘हिचं काही नाही हो, काहीही खाते.’ पहिल्याच आठवड्यात पडवळ झालं. मी मुकाट्यानं संपवलं, तर वर आणखी वाढलं गेलं. दोन वर्षं! निघाले तेव्हा काकूंनी प्रेमानं डबा भरून दिला. एस. टी.त उघडला. पडवळच.

तुमच्या मुलीचं प्रकरण तर याहून सरळ आहे. ‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच बरोबरीनं. जर्मनीत ही व्यवस्था नियमांनी बांधलेली आहे. आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास काम, भाषेच्या वर्गासाठी महिन्याला सत्तर युरोंपर्यंतचा वाटा, आणि राहणं-जेवण फुकट. २८० युरो हा त्यावरचा हातखर्च. तो सिनेमाचा, प्रवासाचा, मैत्रिणींबरोबर कॉफीचा. जेवण त्या घरानं द्यायचं, आणि शाकाहारी मुलीचं जेवण म्हणजे सॉसेज काढून उरलेला पाव नव्हे. तुम्ही इथून पैसे पाठवलेत की त्यांच्या घरचा किराणा कोथरूडमधून भरायला लागाल. तेही त्यांच्या नकळत! म्हणजे तुम्हाला आभारसुद्धा मिळायचे नाहीत.

ईमेलचं तर नावच काढू नका. एकदा तुम्ही तिच्या वतीनं बोललात, त्याचंच हे सगळं निस्तरतोय आपण. पुन्हा बोललात तर दोन मुलं सांभाळणारी ती बाई तुमच्या लेकीलाही तिसरं मूल समजेल.

तुम्ही एकच करायचं. येत्या गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला फोन लावा. तिकडे संध्याकाळ असते, ते गार जेवण अजून व्हायचं असतं. ‘जेवलीस का’ अजिबात विचारू नका, त्याला ती पाच महिने ‘हो’च म्हणते आहे. म्हणा, ‘तेव्हा मी त्यांना चुकीचं सांगितलं. तुला भूक लागते, रोज लागते, आणि तुला वरणभात लागतो. तू त्यांना सांग, मी चुकले होते.’ एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणं तुम्हाला जड जाणार आहे, पत्रावरून दिसतंच आहे. ती ‘अगं चालतंय गं आई’ म्हणेल. तरीही गप्प.

गुरुवार अशासाठी की तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे आठवड्याचं सामान बहुतेक घरांत शनिवारपर्यंत भरलं जातं. शुक्रवारी तिला बोलता येईल, आणि शनिवारच्या यादीत तांदूळ, मसूर, दही जाईल. या तिन्ही गोष्टी तिथल्या साध्या सुपरमार्केटातही मिळतात, जवळपास तुर्की दुकान असलं तर हरभरे आणि रवाही. तूरडाळीसाठी महिन्यातून एक फेरी ठीक आहे, पण तिची पावतीही घरखर्चातच. आणि तिनं आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठीच खिचडी टाकावी. मुलं खातील, वर पापडासाठी भांडतील.

तुपाचा डबा मात्र पाठवू नका. दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपात पार्सलनं येऊ देत नाहीत, तुमचं साजूक तूप कस्टम्सवाल्यांच्या कचऱ्यात जाईल. जर्मनीत लोणी उत्तम मिळतं. मंद आचेवर कसं कढवायचं, बेरी कधी खाली बसते, ते तिला व्हिडिओवर दाखवा.

आणि लोणी त्यांच्याच यादीतलं, बरं का.