वाचकांचे प्रश्न : युनियन बर्लिनचं स्टेडियम फॅन्सनी खरंच बांधलं का?

प्रश्न : जर्मनीतल्या युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबच्या फॅन्सनी रक्त विकून क्लब वाचवला आणि स्टेडियम पण स्वतःच्या हातांनी बांधलं असं सगळीकडे वाचतो. यात खरं किती?

दोन्ही खरं आहे, फक्त गोष्ट नेहमी अर्धवट सांगतात. रक्ताचं आधी बघू. 2004 ला क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली घसरला आणि पुढच्या सीझनला लीगमध्ये खेळायचं लायसन्स हवं असेल तर जवळपास 15 लाख युरोची सोय दाखवा अशी अट आली, तिजोरीत तर काहीच नव्हतं. त्याआधी 1993 ला बँकेची गॅरंटी खोटी निघाली म्हणून मैदानावर कमावलेलं प्रमोशन हातचं गेलं होतं, त्यामुळे लायसन्स म्हटलं की या लोकांच्या पोटात गोळा यायचा. मग फॅन्सनी 'युनियनसाठी रक्त सांडा' अशी मोहीम काढली, जर्मनीत रक्तदान केलं की थोडे पैसे मिळतात ते लोकांनी क्लबला दिले. सगळी रक्कम काही रक्तातून उभी राहिली नाही, देणग्याही होत्या. पण मोहिमेमुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि क्लब वाचला.

स्टेडियमचं मात्र जसं ऐकलंय तसंच आहे. क्योपेनिक भागात झाडीला लागून असलेलं आल्टे फोर्स्टराय हे जुनं मैदान, उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या पार खिळखिळ्या झालेल्या. 2008 च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं आणि वर्षभरात 2000 पेक्षा जास्त लोकांनी मिळून साधारण 1 लाख 40 हजार तास फुकट काम केलं. कोणी नोकरी संपवून यायचं, कोणी सुट्टी काढून, काँक्रीट, लोखंड, छप्पर, जे पडेल ते. व्यावसायिक लोक सोबत होते, पण घाम फॅन्सचाच. आणि त्या वर्षी टीम खेळत कुठे होती तर बर्लिनमधल्याच बीएफसी डायनामो या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचं एकेकाळी घर असलेल्या मैदानावर! त्याच सीझनला तिसरी लीग जिंकून वर पण आली. पुढे 2011 ला क्लबने स्टेडियमचे शेअर 500 युरोला एक असे काढले आणि हजारो मेंबर्सनी घेतले, मला तर हे बांधकामापेक्षाही मोठं वाटतं, कारण जागेत फॅन्सचा कागदोपत्री हिस्सा झाला.

प्रश्न : पूर्व जर्मनीच्या काळात हा सरकारविरोधी क्लब होता का?

हो म्हणायला सोपं आहे, पण तसं सरळ नाही. आजचा क्लब 1966 ला सरकारी फेररचनेतूनच तयार झाला आणि त्याच्या पाठीशी सरकारमान्य कामगार संघटना होती. मुळं मात्र 1906 ची, ओबरश्योनेवाइडं या कारखान्यांच्या वस्तीतली. समोर बीएफसी डायनामो, स्टासी या गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख एरिश मील्के याचा लाडका क्लब. चांगले पोरं तिकडे वळवले जायचे आणि 1979 ते 1988 सलग 10 वेळा लीग त्यांनीच जिंकली. अशा वेळी युनियनच्या बाजूने ओरडणं ही सुद्धा चीड बाहेर काढायची एक वाट होती, गर्दीत कोण काय ओरडलं ते कोण शोधणार. म्हणून बंडखोर क्लब म्हणू नका, चिडलेल्या लोकांना जागा देणारा क्लब म्हणा.

त्या काळातलं युनियनचं मोठं यश एकच, 1968 चा पूर्व जर्मनीचा कप, फायनलला येनाच्या टीमला 2-1 हरवलं. पण ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा प्रागमध्ये घुसल्या, युरोपची फुटबॉल संघटना युएफाने युरोपियन स्पर्धेचा ड्रॉ बदलून पूर्व आणि पश्चिमेच्या टीम वेगळ्या केल्या, चिडून पूर्वेकडच्या बहुतेक देशांनी टीम काढून घेतल्या आणि युनियनची युरोपची संधी मैदानात न उतरताच गेली. ती परत यायला 2001 उजाडलं. तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमधून थेट जर्मन कपच्या फायनलला पोचले, शाल्केकडून 0-2 हरले तरी युएफा कपची जागा मिळाली.

प्रश्न : आता मोठा क्लब झाल्यावर सगळं बदललं का?

थोडं बदललंच. 2019 ला प्लेऑफमध्ये स्टुटगार्टशी 2-2 आणि 0-0 करून अवे गोलवर (बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो) बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वात वरच्या लीगमध्ये आले, 2023 ला चौथे येऊन थेट चॅम्पियन्स लीग, युरोपातली क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. बर्नाबेऊ या रियल माद्रिदच्या मैदानावर रियलने अगदी शेवटच्या मिनिटांत बेलिंगहॅमच्या गोलने 1-0 केलं, ते अजून पचत नाही. या स्पर्धेतल्या घरच्या मॅच बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये नेल्या, कारण स्वतःच्या मैदानात फक्त 22 हजार लोक मावतात आणि त्यातले 18 हजारांवर उभे! काही जुन्या फॅन्सना हे रुचलं नाही, पण जास्त मेंबर्सना मॅच बघता यावी हा विचार मला पटतो.

आणि बुंडेसलीगातल्या पहिल्या मॅचला, लाइपझिगविरुद्ध, फॅन्स हा दिवस न बघताच गेलेल्या आपल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले होते. मॅच 0-4 हरले. मैदान आणखी वाढवायचा बेत आहे, तिथेही उभं राहायच्या जागाच जास्त ठेवायच्या असं क्लबचं म्हणणं आहे.