ट्रॅक बदलला, आता प्रमोशनचं काय? – वाचकांचे प्रश्न

यावेळी संवर्ग (केडर) बदल, विनंती बदली, प्रतिनियुक्ती (ठराविक काळासाठी दुसऱ्या खात्यात जाणं) यावरची पत्रं एकत्र घेतलीयेत, कारण सगळ्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. सेवाज्येष्ठता आणि झालेली सेवा या दोन गोष्टी एकच आहेत असं कर्मचारीही समजतात आणि आस्थापना शाखाही, म्हणजे ऑफिसात नोकरीचे कागद सांभाळणारी शाखा.

प्रश्न : मी राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक आहे. घरच्या अडचणीमुळे स्वतः अर्ज करून त्याच खात्याच्या दुसऱ्या विभागात, त्याच पदावर बदली घेतली. ज्येष्ठता सोडतो असं लिहून दिलं होतं. आता वरच्या पदाच्या प्रमोशनला काही वर्षं सेवेची अट आहे आणि ऑफिस म्हणतं, तुमची इथली सेवाच मोजणार, मागची आठ वर्षं विसरा. असं असतं का?

उत्तर : नसतं, आणि हे सुप्रीम कोर्टाने एकदा नाही, बऱ्याच वेळा सांगितलंय. रेणू मल्लिक प्रकरण हे त्यातलं सगळ्यात जास्त दाखवलं जाणारं, केंद्राच्या कस्टम आणि एक्साईज खात्यातलं. स्वतःच्या विनंतीवरून दुसरीकडे गेलेल्या कर्मचाऱ्याला नवीन ठिकाणी ज्येष्ठता यादीत शेवटी टाकणं बरोबर, पण प्रमोशनच्या पात्रतेसाठी जी सेवा लागते त्यात आधीची सेवा धरावीच लागेल, असं त्यात ठरलं. पुढे सी. एन. पोनप्पन आणि 1998 च्या व्ही. एम. जोसेफ प्रकरणातही तेच. रांगेत शेवटी उभं राहिलात म्हणून खिशातले तिकिटाचे पैसे जात नाहीत, एवढं साधं आहे ते, पण आमच्या आस्थापनेतल्या लोकांना ते अजून पटत नाही, कारण 'ज्येष्ठता शून्य' हे शब्द वाचले की त्यांना सगळंच शून्य दिसतं.

आता दुसरी बाजू, कारण पत्र वाचून तुम्ही लगेच ऑर्डर मागायला जाल. पात्र झालात म्हणजे प्रमोशन मिळालं असं नाही. विभागीय पदोन्नती समिती यादीतून वरून खाली येते आणि रिक्त पदांच्या हिशोबात ठरलेल्या संख्येएवढीच नावं बघते. तुम्ही यादीत शेवटी असाल तर पात्र असूनही तुमचं नाव समितीपुढे जाणारच नाही, आणि त्यावर तक्रारही करता येणार नाही कारण ज्येष्ठता तुम्ही स्वतः सोडलीत. फायदा कधी होतो, तर तुमच्या पुढच्या लोकांपैकी कोणाची विभागीय परीक्षा राहिलीय, कोणाचे गोपनीय अहवाल कमी आहेत, किंवा पात्र माणसंच कमी आहेत तेव्हा. आणि असं बऱ्याचदा होतं, म्हणून अर्ज नक्की करा.

अजून एक. हे निकाल तेच पद, फक्त आस्थापना वेगळी, अशा प्रकरणातले आहेत. तुम्ही लिपिक संवर्ग सोडून लेखा शाखेत किंवा तांत्रिक पदावर गेला असता, म्हणजे ज्याला खरोखर ट्रॅक बदलणं म्हणतात ते, तर नवीन पदाच्या सेवाप्रवेश नियमात काय लिहिलंय यावर सगळं अडतं. 'त्या पदावर' किंवा 'त्या संवर्गात' इतकी वर्षं असं लिहिलं असेल तर जुनी सेवा धरा हा मुद्दा बराच कमजोर होतो. म्हणून आधी नियम मिळवा. आस्थापना शाखा तोंडी काय सांगते त्यावर अजिबात विसंबू नका, तोंडी नियमाने किती लोकांचं नुकसान झालंय ते मी बघत आलोय.

प्रश्न : मी कनिष्ठ अभियंता, एमपीएससी देऊन प्रशासनातल्या पदावर निवड झाली. जुन्या खात्यात पुढच्या वर्षी उपअभियंत्याच्या प्रमोशनची यादी निघणार अशी चर्चा आहे, मी ते प्रमोशन घालवतोय का? आणि जुन्या सेवेचा नवीन नोकरीत काही उपयोग?

उत्तर : नवीन ठिकाणी प्रमोशनसाठी जुन्या सेवेचा उपयोग नाही. तुम्ही तिथे नामनिर्देशनाने, म्हणजे थेट भरतीने जाताय, ज्येष्ठता तिथल्या गुणवत्ता यादीप्रमाणे लागणार आणि तुमच्याबरोबर आलेला तेवीस वर्षांचा मुलगा मेरिटमध्ये वर असेल तर तो तुमच्या वरच राहणार. अभियंत्यांना हे जड जातं, पण तसंच आहे.

पण बाकीचं बरंच वाचवता येतं, फक्त पद्धतीने सोडा. परीक्षेचा अर्ज कार्यालयामार्फत केलेला असावा, आणि राजीनामा द्यायचाच असेल तर तो नवीन नेमणुकीसाठी परवानगीने दिलेला, ज्याला सगळे टेक्निकल राजीनामा म्हणतात तसा असावा, आणि आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. साधा राजीनामा दिला तर मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना तर हे फार महागात पडतं, कारण जुनी पेन्शन त्या सलग सेवेवरच उभी असते. शिल्लक रजा आणि वेतन निश्चिती हे मुद्देही याच कागदावर अवलंबून.

आता उपअभियंत्याचं. राजीनामा न देता धारणाधिकार, म्हणजे लीन, ठेवून जाता येत असेल तर तसंच जा. लीन आहे तोपर्यंत जुन्या संवर्गाच्या यादीत तुमचं नाव राहतं आणि यादी निघाली तर तुमचाही विचार व्हायला पाहिजे, पण ते पद प्रत्यक्ष घ्यायचं तर परत यावं लागेल. नवीन पदावर कायम झालात की लीन संपला. दोन्हीकडे पाय ठेवून कायमचं राहता येत नाही, तेव्हा यादीची चर्चा खरी की चहाच्या टपरीवरची ते आधी बघून घ्या.

प्रश्न : केंद्राच्या एका संस्थेत प्रतिनियुक्तीवर आलो, नंतर तिथेच समावेशन झालं, म्हणजे कायमचं सामावून घेतलं. ज्येष्ठता समावेशनाच्या तारखेपासून धरलीय. मूळ खात्यात मी याच दर्जाच्या पदावर सहा वर्षं होतो, ती धरायला नकोत का?

उत्तर : तुमचं प्रकरण पहिल्या पत्रापेक्षा एकदम वेगळं आणि बरंच मजबूत आहे. दिल्ली पोलिसांत बीएसएफमधून आलेल्या सब-इन्स्पेक्टरांचं एस. आय. रूपलाल प्रकरण, डिसेंबर 1999 चा निकाल. केंद्राच्या 29 मे 1986 च्या आदेशात असं होतं की समावेशनाची तारीख किंवा मूळ खात्यात समकक्ष पदावर नियमित झाल्याची तारीख, यातली जी नंतरची ती धरायची. कोर्टाने 'जी नंतरची' हे चुकीचं ठरवलं आणि मग 27 मार्च 2001 ला सरकारने तो शब्द बदलून 'जी आधीची' केला. तुमची यादी करणाऱ्याने बहुतेक जुनाच कागद समोर ठेवलाय.

दोन गोष्टी तपासा. मूळ पद खरंच समकक्ष होतं का, आणि तिथे तुम्ही नियमित होता की तदर्थ, म्हणजे तात्पुरते. तदर्थ सेवा यात चालत नाही. समकक्ष म्हणजे नुसता पगार सारखा एवढंच नाही, कामाचं स्वरूप, जबाबदारी, लागणारी पात्रता हे सगळं बघतात.

प्रश्न : ट्रॅक बदलल्यावर माझ्या ज्युनिअरला प्रमोशन दिलं, मला नाही. यादी लागून पाच वर्षं झाली. दरवर्षी निवेदन देतोय. प्रमोशन हा माझा हक्क नाही का? मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाऊ का?

उत्तर : हक्क प्रमोशनचा नाही, प्रमोशनसाठी विचार होण्याचा आहे, तो मात्र घटनेच्या कलम 16 खालचा मूलभूत हक्क आहे, 1999 च्या अजित सिंग निकालात हे स्पष्ट म्हटलंय. तुमचं नाव समितीपुढे ठेवलंच नसेल तर तुमची केस आहे, ठेवून नाकारलं असेल तर कशामुळे ते आधी माहिती अधिकारात मागवा.

अडचण त्या पाच वर्षांची आहे. न्यायाधिकरणाच्या 1985 च्या कायद्यात मुदत साधारण एक वर्षाची, निवेदन दिलं असेल तर उत्तरासाठी सहा महिने थांबून मग एक वर्ष. दरवर्षी नवीन निवेदन टाकलं म्हणून मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड प्रकरणात 1989 सालीच ठरलंय. त्यात ज्येष्ठता यादी तीन-चार वर्षं कोणी हात न लावता चालली की कोर्ट ती मोडायला तयार नसतं, कारण मधल्या काळात इतरांची प्रमोशनं त्यावर झालेली असतात. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण निवेदनं देत होतो हे कारण त्यात पुरत नाही. यावर्षीची नवीन यादी प्रसिद्ध झाली असेल तर तिच्यावर हरकतीची तारीख गेलीय का ते आजच बघा, आणि गेली नसेल तर हरकत लेखी द्या, पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर मॅट तुमच्यासाठी नाहीच, तुम्हाला हायकोर्टातच जावं लागेल.