पोळी कुणाची, टाळी कुणाची

प्रश्न : शोधपत्रकारिता करणारं एक पोर्टल मी मोबाईलवर वाचतो. 'आम्ही जाहिराती घेत नाही, वर्गणी द्या' असं ते सांगतात आणि खाली एका उद्योगपतीच्या ट्रस्टचं नावही छापतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे इथं कसं चुकेल? पैसे द्यावेत का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चुकत नाही. मीही टाळी वाजवलीय, ते आधी सांगतो.

चिकोडी भागात वार्ताहर होतो. मानधन पेट्रोललाच जायचं. कमाई जाहिरातीच्या कमिशनची, शेकडा पंधरा. दिवाळी पुरवणीत एका साखर कारखान्याचं पान ठरलेलं. एका हंगामात शेतकरी काटामारीची तक्रार घेऊन आले. आम्ही उसाची ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर चढवली, मग कारखान्यात. सव्वादोन क्विंटलचा फरक! दोन्ही पावत्या घेऊन संपादकांकडे गेलो. त्यांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, "पान कन्फर्म झालं का रे?" बातमी आली चार ओळींची, 'ऊस उत्पादकांत नाराजी'. कारखान्यातून ना फोन आला ना धमकी. त्या चार ओळींत खोटं एक अक्षरही नव्हतं. कमिशनमधून मी मुलीला स्वेटर घेतला.

पण खरं सांगायचं तर, एका ट्रॉलीवर मोठी बातमी उभीही राहत नव्हती. पंधरा-वीस वजनं हवी होती, वकिलाची नजर हवी होती. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, प्रतीला पानामागे दोन रुपये. पण उत्तर येतं महसुली कन्नडमध्ये, आणि ते नीट लावून देणारा माणूस फुकट मिळत नाही. कागद तपासण्यात कसूर झाली की काय होतं, ते १८८२ साली दिसलं. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारे लिहिलं ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले.

तेव्हा पैसा कुणाचा तरी लागणारच. अमेरिकेतली प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था २००७ साली सँडलर दांपत्याच्या देणगीवर उभी राहिली. आपल्याकडे बेंगळूरचं इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन २०१५ पासून अशा पोर्टलना मदत करतं. त्याच्या देणगीदारांत अझीम प्रेमजी आणि रोहिणी नीलेकणी आहेत. नावं उघड आहेत, हे माझ्या लेखी मोठं. आमच्या कारखान्याचं नाव फक्त जाहिरातीच्या पानावर असायचं.

तुम्ही एक करा. त्या उद्योगपतीच्या धंद्यावर पोर्टलनं कधी बातमी केलीय का, शोधा. नसेल तर संपादकांना सरळ मेल टाका. ट्रस्टनं उद्या हात काढून घेतला तर किती महिने चालेल, हेही विचारा. उत्तर पटलं तर वर्गणी भरा, पण महिन्याची. वर्षाची एकदम नको.

आणि हो, वर्गणी भरलीय म्हणून 'सीमाप्रश्नावर आमच्याच बाजूनं लिहा' असं पत्र त्यांना पाठवू नका. आमच्या कचेरीत वर्गणीदारांची तसली पत्रं यायची, आणि कारखान्यापेक्षा त्यांनाच नाही म्हणणं संपादकांना जड जायचं.