दुबईत राहतो, कंपनीही तिथलीच. भारतात कर लागतो का?

तुम्ही दुबईत, तुमची स्वतःची कंपनी दुबईची, आईवडील मात्र सांगलीत. अशात भारतात कर लागतो का, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं शारजात बेदाणा आणि हळदीचा व्यापार करून सांगलीला परतलोय. कंपनी कुठं नोंदवली हे नंतर बघा, आधी तुमचे दिवस मोजा.

एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही इथले रहिवासी. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथं काढले असतील, तर १२० दिवसांतच रहिवासी ठरता. शेतीचं उत्पन्न या १५ लाखांत धरत नाहीत, म्हणजे तासगावची द्राक्षबाग असेल तर तिची चिंता नको. भाडं, व्याज, शेअरचा नफा मात्र धरतात. आणि दुबईत वैयक्तिक आयकर नसल्यामुळे, १५ लाखांची रेषा ओलांडलेला भारतीय नागरिक एकही दिवस इथं न येता रहिवासी मानला जाऊ शकतो. हे फार जणांना माहीतच नसतं.

माझ्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. तीन आठवड्यांसाठी आलो आणि पाच महिने राहिलो. नंतर सीएंनी पासपोर्टचे शिक्के आणि कॅलेंडर समोर ठेवून दिवस मोजले, १४८ भरले. माझं इथलं उत्पन्न म्हणजे एका गाळ्याचं भाडं, त्यामुळे अनिवासीच राहिलो. पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "त्या पाच महिन्यांत कंपनीच्या सह्या कुठं बसून केल्या?" मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून दोन मोठे करार पक्के केले होते.

कंपनीचे मुख्य निर्णय भारतातून होत असतील, तर परदेशी कंपनीलाच इथली रहिवासी धरून तिच्या सगळ्या नफ्यावर कर लावता येतो. वर्षाची उलाढाल ५० कोटी किंवा कमी असेल तर हा नियम लावायचा नाही, असं २०१७ च्या परिपत्रकात आहे. आम्ही त्यात बसलो. पण १२० दिवसांच्या किंवा १५ लाखांच्या नियमानं रहिवासी झालेल्याला ही सूट पुरत नाही. त्याचं परदेशी उत्पन्न एरवी सुटतं, मात्र भारतातून चालवलेल्या धंद्याचं असेल तर सुटत नाही. म्हणून आजारपणात अवश्य या, फक्त त्या काळातले ठराव तिथल्या भागीदाराला करू द्या आणि तारखा टिपून ठेवा.

कायमचं परतल्यावर परदेशी उत्पन्नासाठी पहिली दोन-तीन वर्षं बहुधा सवलतीची मिळतात. नंतर कंपनीकडून मिळणाऱ्या डिव्हिडंडवर तुमच्या स्लॅबनं कर. यूएईत पावणेचार लाख दिरहमवरच्या नफ्यावर कंपनी जो ९ टक्के भरते, त्याची वजावट तुम्हाला मिळत नाही.

परदेशात असताना घेतलेले शेअर ठेवायला फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, हरकत नाही. पण सवलतीची वर्षं संपून पूर्ण रहिवासी झालात की रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भराच, त्या वर्षी एक दिरहमही हाती आला नसला तरी. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात माहिती दडवल्याचा दंड १० लाख आहे. आणि त्या तक्त्यात आर्थिक वर्ष नाही, जानेवारी ते डिसेंबर धरतात; माझी पहिल्या वर्षी तिथंच गफलत झाली आणि रिटर्न सुधारून पुन्हा भरावं लागलं.