दिवसभर राबतो, तरी काम उरतंच

"मॅडम, दिवसभर बूड टेकत नाही तरी संध्याकाळी महत्त्वाचं काम तसंच पडलेलं असतं." हे वाक्य मी माझ्याकडे सेशनला येणाऱ्या खूप जणांकडून ऐकते, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधले असोत नाहीतर कॉलेज रोडच्या ऑफिसातले, आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ आधीच लावलेला असतो की मीच आळशी, मलाच शिस्त नाही. त्यातल्याच एकांबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय पस्तिशीच्या आसपास, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पर्चेस बघतात. बायकोनेच माझ्याकडे पाठवलं होतं, कारण जेवताना पण डोकं कंपनीत, मुलगी शाळेतलं काहीतरी सांगतेय आणि हे मध्येच फोन काढून व्हेंडरला मेसेज टाकतायत. आल्या आल्या म्हणाले, मला टाइम मॅनेजमेंट शिकवा. पहाटे पाचला उठून बघितलं होतं, दोन-तीन ॲप टाकून काढून पण झाले होते. मला ते पहाटेचं खूळ खरंच पटत नाही, बारा वाजता झोपणारा माणूस पाचला उठला तर फक्त झोप कमी होते आणि दुपारी साधा मेल लिहायला पण अर्धा तास लागतो.

मी म्हटलं आधी आठवडाभर टेबलावर एक कागद ठेवा, कोणी हाक मारली, फोन आला, मेसेज आला की एक रेघ मारायची आणि कशासाठी ते दोन शब्दांत लिहायचं, बस. पुढच्या वेळी कागद माझ्यासमोर ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. निम्म्याहून जास्त रेघा एकाच प्रश्नाच्या होत्या, माल कुठपर्यंत आला? प्रॉडक्शनवाले विचारणार, स्टोअरवाले विचारणार, क्वालिटीवाले पण तेच विचारणार, आणि हे दरवेळी हातातलं सोडून व्हेंडरला फोन लावणार. ज्या माणसाला आळशी म्हणून हिणवलं जात होतं, आणि हिणवणारे ते स्वतःच, तो माणूस दिवसभर सगळ्यांना तत्परतेने उत्तरं देत होता हो.

मग ठरवलं की सकाळी अकरा आणि दुपारी चार, दोनदा ग्रुपवर सगळ्या मटेरियलचं स्टेटस टाकायचं, मधल्या वेळात कोणी विचारलं तर "चारला टाकतो" एवढंच म्हणायचं. लाइन थांबणार असेल तरच लगेच फोन, हे प्रॉडक्शनच्या साहेबांशी आधी बोलून घेतलं. ऐकायला सोपं वाटतं पण "चारला टाकतो" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात, समोरचा नाराज होईल ही भीती लहानपणापासूनची, त्यामुळे आम्ही ते सेशनमध्ये मोठ्याने बोलून प्रॅक्टिस केलं. माझ्या मते खरं काम इथे झालं, वही-पेन नंतरची गोष्ट.

दुसरी अडचण दर महिन्याची. 14 तारखेला जीएसटीआर-टूबी, म्हणजे व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी येतं, 20 ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचं असतं, तर मधल्या दिवसांत व्हेंडरची बिलं जुळवून अकाउंट्सला द्यायची, आणि हे दर महिन्याला 19 च्या रात्री बसायचे. का तर "दोन तासांचं तर काम आहे". मागच्या महिन्यात किती वेळ लागला विचारलं तर म्हणाले अख्खी संध्याकाळ, त्याच्या आधीच्या महिन्यात पण तेच. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याबद्दल लिहून ठेवलंय, आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस सहसा कमीच धरतो, मागचा अनुभव समोर असला तरी. म्हणून अंदाज करायचाच नाही, मागच्या वेळी जेवढा लागला तेवढा वेळ धरायचा. 15 आणि 16 ला जेवणानंतरचे दोन-दोन तास त्यांनी त्यासाठी राखून ठेवले.

आणि घरी डोकं चालू राहतं त्याचं? चिठ्ठ्या, व्हॉट्सॲप, एक्सेल आणि डोकं अशा चार ठिकाणी कामं पसरलेली, ती सगळी एका डायरीत आणली. निघायच्या आधी दहा मिनिटं, जे अर्धवट राहिलं त्याच्यासमोर फक्त पुढची पायरी लिहायची, "उद्या 10 ला कास्टिंगवाल्याला डिलिव्हरी विचारणे" इतकं नेमकं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत दिसलं होतं की अर्धवट कामाचं डोक्यात घोळणं कमी व्हायला काम पूर्णच व्हायला हवं असं नाही, ते कधी कसं करायचं हे नीट ठरलं तरी मन बऱ्यापैकी सोडून देतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्च एंडिंगला डायरी पूर्ण बंद पडली, एप्रिलमध्ये आले ते खचूनच, परत माझं मीच बिघडवलं वगैरे. तारखा टाकून रिकामी पानं भरत बसू नका, आजच्या पानापासून सुरू करा म्हटलं, केलं त्यांनी. जेवताना फोन आता बायकोकडे असतो, ही आयडिया मुलीची.

हे वाचून स्वतःसाठी करून बघणार असाल तर आधी तो रेघांचा कागद, कारण तुमच्या रेघा वेगळ्याच निघतील, कोणाच्या साहेबांच्या तर कोणाच्या स्वतःच्याच फोनच्या. पण वस्तू हरवणं, विसरणं, काम अर्धवट सोडणं हे शाळेपासूनच असेल, म्हणजे बाराव्या वर्षाच्या आधीपासून, आणि घरी-ऑफिसात दोन्हीकडे त्रास होत असेल तर एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं लहानपणापासूनच अवघड जाणं) आहे का हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. झोप उडालीये, कशातच मन लागत नाही असं काही आठवडे चाललं असेल तरी डायरीच्या आधी त्यांनाच भेटा.