‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं की मन उडणं? ‘पोस्टपोन’ आणि ‘कॉल ऑफ’पेक्षा ते वेगळं कसं?

तुम्ही क्लायंटच्या मेलमधली दोन वाक्यं दिली आहेत: ‘द रिव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल फ्रायडे’ आणि ‘शी वॉज पुट ऑफ बाय द टोन’. पहिल्याचा ‘पुढे ढकललं’ हा अर्थ बरोबर लावलात. तोच दुसऱ्याला चिकटवलात, म्हणून ‘टोनमुळे तिला पुढे ढकललं’ असं विचित्र काहीतरी हाती आलं.

शब्दकोश उघडण्याआधी एकच बघा: ‘पुट ऑफ’ कशाला केलंय, कामाला की माणसाला? मीटिंग, परीक्षा, लग्न, निर्णय असेल तर पुढे ढकलणं. माणूस असेल तर बहुतेक वेळा मन उडणं, बिचकणं, नको वाटणं. तुमची दोन्ही वाक्यं कर्मणी आहेत, त्यामुळे कर्म सुरुवातीला येऊन बसलंय. तिथे ‘रिव्ह्यू’ आहे की ‘शी’, एवढं पाहिलं की काम झालं. ‘तिला तो सूर खटकला’ हे दुसऱ्याचं सरळ मराठी.

आधी कामाचं बघू. ‘पुट ऑफ’मध्ये कार्यक्रम जिवंत असतो, ‘कॉल ऑफ’मध्ये रद्द होतो. राज्यसेवेची १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा ११ मार्चला पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा २१ मार्चला ठरली. हे ‘पुट ऑफ’. २०२० चं टोकियो ऑलिम्पिकही पुट ऑफ झालं, ते २०२१ मध्ये भरलं. त्याच वर्षीचं विम्बल्डन मात्र कॉल्ड ऑफ, ते झालंच नाही. मेलमध्ये या दोघांची अदलाबदल केलीत तर समोरचा कॅलेंडरमधून मीटिंग उडवून मोकळा होईल.

‘पोस्टपोन’चा अर्थ तोच, फक्त कपडे इस्त्रीचे. सूचनाफलक, परिपत्रक, क्लायंटला औपचारिक पत्र असेल तर ‘पोस्टपोन’. टीमच्या ग्रुपवर ‘पुट ऑफ’ चालतं. नवी तारीख पक्की असेल तर मी दोन्ही सोडून ‘रीशेड्यूल’ लिहीन, कारण ‘मग कधी?’ हा पुढचा मेल टळतो. ‘डिफर’ जास्त करून निर्णय आणि पैशांसाठी. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबवायची मुभा दिली, तिथे ‘डिफर’ शोभतं. ‘अ‍ॅडजर्न’ म्हणजे आपलं तहकूब: कोर्टातली सुनावणी, गणपूर्तीअभावी महापालिकेची सभा. वाढदिवसाची पार्टी कुणी अ‍ॅडजर्न करत नाही.

‘डिले’शी मात्र गल्लत होते. डेक्कन क्वीन दोन तास उशिरा आली तर ती ‘डिलेड’, ‘पुट ऑफ’ नव्हे. ‘पुट ऑफ’मागे कुणाचा तरी निर्णय लागतो, किंवा कुणाचा तरी आळस. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तीन महिने टाळलं तर ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’. इथे ‘पोस्टपोन’ फारच सरकारी वाटेल. मराठीत ही चालढकल. हीच सवयच झाली की ‘प्रोक्रॅस्टिनेट’, ज्याच्या पोटात लॅटिन ‘क्रास’ आहे, म्हणजे ‘उद्या’.

आता तुमचं स्वतःचं वाक्य: ‘वी हॅव टू पुट ऑफ इट बाय फ्रायडे.’ यात दोन चुका आहेत. सर्वनाम नेहमी मध्ये येतं: ‘पुट इट ऑफ’. नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ला ती सवलत नाही. दुसरी चूक ‘बाय’. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे ‘शुक्रवारच्या आत’, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की ढकलण्याचं काम शुक्रवारच्या आत उरकायचंय. नवा दिवस सांगायचा तर ‘टिल’, ‘अन्टिल’ किंवा ‘टू’. किती दिवसांनी ते सांगायचं तर ‘फॉर अ वीक’ किंवा ‘बाय अ वीक’. भाषांतर करताना मात्र ‘टिल फ्रायडे’चं ‘शुक्रवारपर्यंत’ करू नका. मराठीत आपण ‘शुक्रवारवर ढकलली’ म्हणतो, आणि मीटिंग शुक्रवारीच असते.

पुढे क्रियापद आलं तर ‘-इंग’ लावा: ‘डोन्ट पुट ऑफ कॉलिंग देम’. ‘पुट ऑफ टू कॉल’ चूक. भूतकाळातही ‘पुट’च, ‘पुटेड’ असं रूप नाही.

माणसाच्या बाजूला छटा जास्त आहेत. मिसळीत केस निघाला आणि महिनाभर मिसळ नको वाटली: ‘इट पुट मी ऑफ मिसळ फॉर अ मंथ’. वासना उडणं, अगदी तेच. इथे ‘ऑफ’नंतर नकोशी झालेली वस्तू येते. भाडं ऐकून फ्लॅट घ्यायचा विचार सोडला तर ‘द रेंट पुट अस ऑफ’. इथे ‘डिटर’ किंवा ‘डिसकरेज’ बसेल. किळस असेल तर ‘रिपेल’. विशेषण ‘ऑफ-पुटिंग’, आणि ते वासापासून वागणुकीपर्यंत सगळ्याला लागतं. ‘टर्न ऑफ’ जवळचं आहे, पण ऑफिसात जपून, त्याला शारीरिक आकर्षणाचीही छटा आहे. याशिवाय ब्रिटिश बोलण्यात ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे ‘माझं लक्ष उडवतोयस’, कॅरमचा नेम धरलेला असताना शेजारी बडबडणाऱ्याला म्हणतात तसं.

आणि एक अर्थ आपल्याला चांगलाच परिचयाचा. पैसे मागायला गेलेल्याला दर वेळी ‘उद्या या’ सांगणं: ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’. टोलवणं, वाटेला लावणं. समानार्थी ‘फॉब ऑफ’, आणि नुसता वेळ काढायचा असेल तर ‘स्टॉल’. इथे कर्म माणूस असूनही मन उडण्याचा संबंध नाही, तेव्हा ‘विथ एक्स्क्यूजेस’सारखे शब्द शेजारी आहेत का ते बघा.

आपल्याकडे दिवा बंद करायलाही ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात. चूक नाही, जरा जुनं आहे. ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ बरं. आग मात्र ‘पुट आउट’ करायची. आणि मीटिंग अलीकडे घ्यायची असेल तर ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतं, लंडनच्या क्लायंटला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा.